उन्हाचा जमाखर्च

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही विषय पुढे आला की तो कागदाच्या मधोमध उभी रेघ मारतो आणि एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च लिहू लागतो. मुलीचे लग्न असो, नवे दात असोत की कादंबरीतले एखादे प्रकरण ठेवायचे की काढायचे हा प्रश्न असो, रेघ ठरलेली. गावच्या घरी सौर वीज बसवायची असे 2020 साली मनाने घेतले, तेव्हाही मी रेघ मारली. किंमत मांडली, व्याज धरले, घसारा धरला, वाचणारे बिल मांडले आणि सात वर्षांत पैसे फिटतील असे उत्तर काढले. बेरीज-वजाबाकी दोनदा तपासली. उत्तर बिनचूक होते. फक्त गणित दुसऱ्याच घराचे होते.

ही फजिती चारचौघांत सांगण्याचे कारण असे की, 2024 साली केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणल्यापासून सौर वीज हा घरोघरचा विषय झाला आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना मला विचारणा झाली, “तुम्ही बसवलंय ना? परवडतं का हो?” मी उत्तर देण्याआधी विचारतो, “कशासाठी हवंय?” पुष्कळांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. 2020 साली मला कोणी विचारला असता, तर मलाही तसाच वाटला असता.

आमचे मूळ घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. कौलारू, मातीच्या भिंतींचे, पुढे खळे, मागे माडापोफळींचे आगर. माझे थोरले बंधू शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले आणि 2016 साली तिथेच गेले. तेव्हापासून वहिनी एकट्या असतात. मुलगा परदेशी, मी पुण्यात. “इकडे या” म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिले. “मग आगराला पाणी कोण लावणार?” हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नाही.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. त्याचा तडाखा रायगडाइतकाच दापोली-मंडणगडलाही बसला. विजेचे खांब ओळीने आडवे झाले, तारा रस्त्यात लोळल्या, मोबाइलचे मनोरे मुके झाले. त्यात करोनाचा काळ. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला पास लागे. चार दिवस वहिनींची काही खबर नव्हती. पाचव्या दिवशी दापोलीत काही कामाला गेलेल्या गावातल्याच एका मुलाने तिथून फोन केला. घराची निम्मी कौले उडाली होती, सतरा माड आणि मोजता न येण्याइतक्या पोफळी पडल्या होत्या, खळ्याच्या कडेचा फणस मुळासकट उपटला गेला होता. वहिनी सुखरूप होत्या. “पण काका,” तो पोरगा म्हणाला, “काकूंचं इंजेक्शन फ्रीजमध्ये असतं ना, त्याचं काय करायचं?”

वहिनींना मधुमेह आहे. रोज इन्सुलिन घ्यावे लागते. शिलकीतल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. फ्रीज तर 3 तारखेपासून नुसते कपाट झाला होता. त्यांनी जुन्या पद्धतीने एका मडक्यात ओली वाळू घालून, त्यात दुसरे लहान मडके ठेवून बाटल्या त्यात ठेवल्या होत्या. घाटावरच्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते. कोकणातल्या जूनच्या दमट हवेत ओल्या मडक्यातले पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे मडके फारसे गार होत नाही. आमच्या आळीत वीज परत आली ती सव्विसाव्या दिवशी. मधल्या काळात दापोलीहून कोणी ना कोणी बर्फ आणून देत होते. शेजारधर्म होता म्हणून निभावले. त्याच महिन्यात मी ठरवले की या घरी स्वतःची वीज हवी.

आता पाहा, गरज काय होती? एक फ्रीज, दोन-चार दिवे, एक पंखा, मोबाइलला चार्जिंग. आणि मी काय केले? कागदावर रेघ मारली आणि ‘बिलातील बचत’ हा जमेचा पहिला आकडा लिहिला! पुण्यातल्या आमच्या घरी महिन्याला साडेतीनशे युनिट लागतात. हिशेबाला सवयीने तेच बिल घेतले. वर, घर आता वर्षातले चार-सहा महिने भरलेले असेल, मुले घरून काम करतील, असा आशावादही जमेस धरला. एक लाख दहा हजार रुपये घालून दोन किलोवॅटची यंत्रणा बसवली. प्रत्येकी 330 वॅटची सहा पॅनेले, एक इन्व्हर्टर आणि वीज कंपनीशी दुतर्फा हिशेब ठेवणारे मीटर. 2020 च्या डिसेंबरात यंत्रणा सुरू झाली. नारळ फोडला. वहिनींनी सांगाड्याला हळदकुंकू लावले.

वहिनींचे एकटीचे बिल असते महिना सत्तर युनिटांचे. दोन किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे महिन्याला सरासरी 240 युनिट वीज देते. उरलेली वीज तारेतून कंपनीकडे जाते, ती आपल्या नावावर जमा राहते, पुढच्या महिन्याच्या बिलातून वळती होते; पण 31 मार्चला जी शिल्लक उरते तिचा हिशेब बऱ्याच कमी दराने होतो. शिवाय आपल्याकडे घरगुती विजेचे दर पायरीपायरीने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, पुढे तो चढत जातो. म्हणजे ज्याचे बिल मोठे त्याची वरची, महाग युनिटे आधी वाचतात. ज्याचे बिल मुळातच शंभराच्या आत, त्याची स्वस्तातलीच वाचतात. वहिनींचे बिल धरून मी नंतर हिशेब केला, तेव्हा पैसे फिटायला तीस वर्षे लागतील असे निघाले. तेव्हा वहिनी 102 वर्षांच्या असतील. देव करो आणि असोत. पण कर्जाच्या अर्जावर असा परतफेडीचा तक्ता कोणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्या अर्जदाराला चहा पाजून परत पाठवले असते.

पण खरा धडा पुढे होता. 16 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ वादळ कोकणकिनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले. मी तेव्हा गावीच होतो. रात्रभर वारा घोंघावत होता आणि वीज अर्थातच गेली होती. मी मात्र निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले आणि लख्ख ऊन पडले. सहाही पॅनेले जागच्या जागी होती. मी मोठ्या रुबाबात फ्रीजचे बटण दाबले. काहीच नाही. दिव्याचे दाबले. नाही. इन्व्हर्टरवर तांबडा दिवा तेवढा मिचकत होता. वहिनी खळ्यात आल्या, त्यांनी एकदा आकाशाकडे आणि एकदा पॅनेलांकडे पाहिले. “भाऊजी, ऊन पडलंय की,” त्या म्हणाल्या, “मग ही का झोपलीत?”

का झोपली होती? घरावर जी स्वस्तातली सौर यंत्रणा बसते ती ‘ऑन-ग्रिड’, म्हणजे कंपनीच्या तारेशी जोडलेली असते. तिचा इन्व्हर्टर कंपनीच्या विजेशी ताल जुळवूनच चालतो. तारेतली वीज गेली की तो क्षणार्धात स्वतःला बंद करतो, आणि हा दोष नव्हे, ती सक्तीची सुरक्षा आहे. वीज गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो. तार मेलेली आहे या विश्वासावर त्याने हात घातलेला असतो. त्याच वेळी कोणाच्या छपरावरून त्या तारेत वीज चढली तर त्याचा जीव जाईल. म्हणून बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा वीज गेल्यावर भर उन्हातही बंदच राहते. हे मला कोणी सांगितले नव्हते हे खरे. पण मी विचारलेही नव्हते. चाळीस पानी कागदपत्रांत ते एका ओळीत छापलेले होते. आयुष्यभर लोकांना ‘सही करण्यापूर्वी वाचा’ म्हणणारा मी!

त्या दुपारी ओटीवर बसून मला सोलापूर जिल्ह्यातली एक बाई आठवली. 1984-85 चा सुमार असेल. मी ग्रामीण शाखेत नवा अधिकारी होतो. गोबरगॅस संयंत्रांना कर्ज आणि अनुदान देण्याचे उद्दिष्ट वरून आले होते. मार्चअखेरपर्यंत चाळीस प्रकरणे मंजूर करायची होती. मी केली. पाठीवर थाप मिळाली. वर्षाने तपासणीला गेलो तर चाळिसांतली अकराच जळत होती. एका घरी टाकीत कडबा रचलेला. मी जरा आवाज चढवूनच विचारले. ती बाई शांतपणे म्हणाली, “सायेब, शेण कुठनं आणू? दोन म्हशी हुत्या, एक तुमच्याच हप्त्यापायी इकली.”

मी ही गोष्ट दोनदा कादंबरीत घालायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खोडली. कागदावर ती विनोदी वाटते. मला तिच्यात आजही घाम फुटतो. यंत्र चांगले होते, योजना चांगली होती, अनुदान खरे होते. त्या घरात काय आहे आणि त्या घराला काय हवे आहे, एवढेच कोणी विचारले नव्हते. छत्तीस वर्षांनी मी तीच चूक माझ्याच घरात, माझ्याच पैशाने केली होती.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझे सांगणे एवढेच: पॅनेलांपासून सुरुवात करू नका, वहीपासून करा. घरातले एकेक उपकरण लिहा, ते किती वॅटचे आणि दिवसात किती तास चालते ते लिहा, गुणाकार करा. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. आम्ही असे लिहिले: फ्रीज दिवसाला साधारण एक युनिट. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे 180 वॅट-तास. जुना पंखा 75 वॅट खात होता. तो काढून बीएलडीसी मोटरचा 30 वॅटचा बसवला, तो आठ तास, म्हणजे 240. मोबाइल वगैरे किरकोळ. सगळे मिळून दीड युनिट. एवढ्यावर आमचे घर वादळात तरते. बाकी मिक्सर, पाण्याचा पंप, इस्त्री ही सगळी ‘वीज असली तर’ या सदरातली.

गंमत अशी की, ही वही लिहिताना पहिली कमाई वीज निर्माण करून होत नाही, न वापरून होते. एक पंखा बदलला की तेवढ्यापुरती पॅनेल आणि बॅटरी दोन्हींची गरज निम्म्याहून खाली येते. शहरात ज्यांच्याकडे विजेचा गीझर आहे त्यांनी तर छपरावर आधी पाणी तापवणारा सौरबंब बसवावा, मग वीज करणारी पॅनेले. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते. एक किलोवॅटची पॅनेले दिवसभरात जेमतेम चार युनिट देतात. उन्हाने सरळ पाणीच तापवणे हा कितीतरी सोपा व्यवहार आहे. आमच्या वहिनींचे न्हाणीतले पाणी अजून झावळ्यांवर आणि सोडणांवर तापते. तिथे मी हात घातलेला नाही.

दुसरी गोष्ट छपराची. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, तीही सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली न येणारी. सावलीचे वैर माणसाला सहजी पटत नाही. पॅनेलातली पेशीपेशी साखळीने जोडलेली असते आणि पॅनेलेही एकमेकांना तशीच. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह रोडावतो. टाकीची सावली, शेजारच्या मजल्याची सावली, अँटेनाची काठी, सगळे मोजावे लागते. आणि डिसेंबरात मोजावे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या लांबतात. आपल्याकडे पॅनेलांचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात. दापोलीला अठरा अंश.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समजही अर्धाच खरा. पॅनेलाला हवा असतो प्रकाश, ताप नव्हे. त्याची वॅटची शक्ती 25 अंश तापमानाला मोजलेली असते. वैशाखात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते आणि 25 च्या वरच्या दर अंशामागे त्याची शक्ती सुमारे 0.4 टक्क्याने घटते. म्हणून ते छपराला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळता ठेवावा. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येते आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही खाली. ज्याला बाराही महिने भरवसा हवा त्याने हिशेब श्रावणाचा करावा, चैत्राचा नव्हे.

आमच्या घरी मंगलोरी कौले. त्यांच्यावर सांगाडा उभा करणे म्हणजे जुन्या वाशांवर अन्याय. म्हणून पॅनेले खळ्यातच जमिनीवर उभी केली. जागा? ती वादळाने करून दिली होती. जिथे चाळीस वर्षे फणसाची सावली होती तिथे आता दिवसभर ऊन होते. खारी हवा लक्षात घेऊन सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले; तिथे वाचवलेला पैसा तिसऱ्या पावसाळ्यात गंज होऊन दिसतो. अर्थिंग आणि वीजरोधकही त्याच वेळी. सकाळी पॅनेले तापण्याआधी साध्या पाण्याने धुवावीत, एवढीच त्यांची सेवा.

मग आम्ही यंत्रणा सुधारली. जुना इन्व्हर्टर काढून ‘हायब्रिड’ बसवला. तो तारेशीही बोलतो आणि बॅटरीशीही. वीज गेली की घराला तारेपासून तोडतो आणि बॅटरीवर घेतो, त्यामुळे खांबावरच्या माणसालाही धोका नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा फी. पण सर्वांत उपयोगी काम केले ते आमच्या आळीतल्या वायरमनने. त्याने घराचे वायरिंग दोन भागांत तोडले. एका भागावर फ्रीज, चार दिवे, पंखा आणि चार्जिंग. दुसऱ्यावर बाकी सगळे. बॅटरी फक्त पहिल्या भागाला. वहिनींनी त्याला ‘लागतंच’ आणि ‘लागलं तर’ अशी नावे दिली आहेत आणि मीटरच्या फळीवर खडूने लिहून ठेवली आहेत.

बॅटरीचे गणितही सांगून ठेवतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची एक शिशाची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट. पण ती निम्म्याहून जास्त रिकामी करू लागलो तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती लागते 0.9. आम्ही अशा दोन घेतल्या. आमच्या दीड युनिटांची एक रात्र आणि एक बिनउन्हाचा दिवस कसाबसा निघतो. लिथियमच्या बॅटरीतून ऐंशी-नव्वद टक्के वीज काढता येते, ती टिकतेही जास्त, पण किंमत आधी मोजावी लागते. आणि फ्रीज चालू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा इन्व्हर्टर तेवढा दमदार हवा.

समुद्रकाठचे घर म्हटल्यावर दुसरा प्रश्न हमखास येतो. “एवढा वारा आहे तुमच्याकडे, पवनचक्की का नाही लावत?” मीही त्या मोहात पडलो होतो. 1986 साली देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, त्यांत कोकणकिनाराही होता. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरची पाती तर अनेकांनी पाहिली असतील. पण वाऱ्याचा एक नियम फार कठोर आहे. त्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. वेग एकतृतीयांश झाला तर शक्ती सत्ताविसावा हिस्सा. दोन मीटर व्यासाची एक चक्की घ्या. सेकंदाला बारा मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात ती सुमारे एक किलोवॅट देते, म्हणून ती ‘एक किलोवॅटची’ म्हणून विकली जाते. त्याच चक्कीला सेकंदाला चार मीटरचा वारा मिळाला, ज्यात पाने चांगली हलतात आणि आपण “काय सुंदर वारा सुटलाय” म्हणतो, तर ती देते पस्तीसेक वॅट. रात्रंदिवस तोच वारा वाहिला तरी दिवसाचे एक युनिट पुरे होत नाही.

शिवाय घराभोवतालचा वारा झाडांवर, छपरांवर आपटून घुसळलेला असतो. अशा वाऱ्यात पाती धड फिरत नाहीत. तीनशे फुटांच्या परिसरातल्या सर्वांत उंच झाडाच्या वर आणखी तीस फूट चक्की न्यावी असा ठोकताळा आहे. आमच्याकडे माड पन्नास-साठ फुटांचे. म्हणजे नव्वद फुटी मनोरा, आणि तोही पुढच्या वादळात उभा राहणारा! मी वर्षभर वाऱ्याचा वेग मोजणारे छोटे यंत्र ओट्यासमोरच्या खांबावर लावून नोंदी ठेवल्या. जून ते सप्टेंबर वारा चांगला, ऑक्टोबरनंतर नुसता संध्याकाळपुरता. जिथे उघडा माळ आहे, आजूबाजूला झाड-इमारत नाही आणि पावसाळ्यात ऊन हरपते तेव्हा वारा वाढतो, तिथे लहान चक्की आणि पॅनेले अशी जोडी उत्तम जमते. पण आधी वर्षभर नोंदी, मग खरेदी. माझी पवनचक्की त्या वहीतच राहिली, आणि तिच्यामुळे वाचलेल्या पैशांतून दोन्ही बॅटऱ्या आल्या.

आता पैशांचे. सूर्यघर योजनेत घरगुती यंत्रणेला एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा अधिकला 78 हजार रुपये अनुदान ठरवले गेले. त्यासाठी पॅनेले देशी बनावटीची हवीत आणि बसवणारा नोंदणीकृत हवा. अनुदान मिळते म्हणून तीन किलोवॅट बसवू नका; लागतात म्हणून बसवा. ज्यांचे बिल दोनशे-तीनशे युनिटांच्या वर आहे आणि ज्यांच्याकडे वीज क्वचितच जाते, त्यांना बॅटरीशिवायची ऑन-ग्रिड यंत्रणा निःसंशय फायद्याची आहे; कर्ज काढूनही फायद्याची. पॅनेले पंचवीस वर्षे चालतात, इन्व्हर्टर त्याच्या निम्माही चालत नाही, तेव्हा मधे एकदा तो बदलण्याचा खर्च आजच धरा. आणि विकणाऱ्याला लेखी विचारा: वीज गेल्यावर हे चालेल का? बिघडल्यावर कोण येणार, किती दिवसांत, आणि कुठल्या गावाहून?

1839 साली एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकरेल या फ्रेंच तरुणाला प्रकाशातून वीज निघते हे दिसले. 1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची पहिली कामाची पेशी तयार झाली, तेव्हा ती आलेल्या उन्हापैकी सहा टक्क्यांची वीज करत होती. आज बाजारातली चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या वर आहेत. एवढा प्रवास झालेली वस्तू आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली आणि मी तिला फक्त बिलाचा आकडा विचारला, याची आता लाज वाटते. एकदा पावसाळ्यात चार दिवस वीज नव्हती. पाऊस मधूनमधून उघडत होता. तिसऱ्या रात्री मी पुण्याहून फोन केला. “फ्रीज चालू आहे,” वहिनी म्हणाल्या. “शेजारचीही इंजेक्शनं आणून ठेवलीत आपल्यात. आळीतली पोरं मोबाइल चार्ज करायला बसलीत ओटीवर. चहा टाकतेय.” ही नोंद जमेच्या कोणत्या सदरात घालावी ते मला बँकेने शिकवले नव्हते.

एक गोष्ट राहिली. 2021 च्या जूनमध्ये, यंत्रणा सुधारून होत होती त्याच वेळी, वहिनींनी खळ्याच्या कडेला, जुना फणस होता त्याच खड्ड्यात, फणसाचे रोप लावले. पॅनेलांच्या नैर्ऋत्येला, अगदी नको तिथे! मी वहीत सावलीचा नकाशा काढून दाखवला. सात-आठ वर्षांनी दुपारनंतर निम्मी पॅनेले झाकली जातील हे समजावले. दुसरीकडे लावा, आगरात जागा आहे, म्हटले. त्यांनी नकाशा चष्मा लावून नीट पाहिला.

“तुमच्या दादांनी ओटीवर बसून पाहिलेलं झाड होतं ते,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, तुमची काचेची पानं उचलून दुसरीकडे ठेवता येतात. फणस नाही येत.”

यावर मी काय बोलणार? रोप तिथेच राहिले. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. गेल्या खेपेला मी पाहिले, दुपारी चारनंतर त्याची सावली कडेच्या पॅनेलाच्या कोपऱ्यावर येते. वायरमनशी बोलणे झाले आहे. दिवाळीनंतर सांगाडा चार मीटर पुढे, पूर्वेकडे घ्यायचा. नव्या पायांच्या खड्ड्यांची जागा वहिनींनी काठीने मोजून खुणा करून ठेवली आहे.